हिल्दुरच्या दाराचा खराटा

हिल्दुर नीवाला एका माणसापुरता स्वयंपाक कधी जमलाच नाही. तिचा उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला. डोक्याला पांढरी टोपी, हातात पळी, आणि समोर भुकेल्या पोरांची रांग. हाताला सवय शंभर ताटांची. मग पोरं कमी होत गेली, त्यांचे आईबाप कामधंद्यासाठी दक्षिणेला निघून गेले, आणि एके वर्षी शाळेला कुलूप लागलं. हिल्दुर घरी बसली. पण हात ऐकेनात. वाटाणे भिजत घालायला पातेलं काढावं तर ते लग्नघरातलं वाटायचं.

त्या मुलखात गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप आणि मागून पॅनकेक. त्यात चर्चा नसते. शाळा बंद झाली म्हणून गुरुवार थोडाच बंद होणार? हिल्दुर सूप करायची, आणि ते संपवायला एल्वी लांता यायची.

एल्वी रस्त्याच्या पलीकडे राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे कामातून गेलेले. घरात दोन काठ्यांवर चालायची. हिवाळ्यात मात्र तिचा थाट वेगळा. पोलादी पट्ट्यांवर बसवलेल्या खुर्चीसारखी बर्फावरची ढकलगाडी घेऊन ती गोठलेल्या रस्त्यावरून किर्रकिर्र करत यायची. आवाज ऐकूनच हिल्दुर दुसरा वाडगा मांडायची.

"केवढं केलंयस हे? लष्कर जेवायला येणार आहे का?"

"जास्त झालं."

"दर गुरुवारी तुझं जास्तच होतं."

"मग नको खाऊस."

"खाते की. टाकायचं कशाला उगाच!"

एवढा संवाद झाला की दोघी जेवायच्या. मग कॉफी, कॉफीत चीजचे तुकडे. ते मऊ झाले की चमच्याने काढून खायचे. मध्येच एल्वी काहीतरी म्हणायची आणि हिल्दुर ओठांचा चंबू करून श्वास झटकन आत ओढायची. त्यांच्या गावात, कोर्पिवारात, 'हो' म्हणायला कुणी शब्द खर्च करत नाही. तो आत ओढलेला श्वास म्हणजेच 'हो'. आपण मैत्रिणी आहोत असं दोघींपैकी एकीनेही कधी म्हटलं नाही. एक सूप जास्त करते, दुसरी ते संपवते, एवढंच नातं. पण त्या एका दुपारवर हिल्दुरचा सगळा आठवडा तोललेला असायचा. बाकीच्या दिवशी तिच्या घरात घड्याळाखेरीज कुणी बोलत नव्हतं.

बसायच्या बाकड्याच्या वर, भिंतीवर, एक भला मोठा नकाशा होता. शाळेच्या जेवणघरातला. शाळेचं सामान वाटून टाकलं तेव्हा कुणी शिलाई मशीन नेलं, कुणी पियानो नेला. हिल्दुरने नकाशा मागितला. तीसेक वर्षं पळीने सूप वाढताना तिची नजर पोरांच्या डोक्यांवरून त्या नकाशावर जायची. त्यात डोंगरांमधून उत्तरेकडे जाणारी एक तांबडी तुटक रेघ होती. खाली हेमावान, वर आबिस्को, आणि त्याच्याही वर, जिथे तीन देशांच्या सीमा मिळतात, तिथला दगड. पायवाट होती ती. दर उन्हाळ्यात लोक ती चालायचे. हिल्दुर मात्र शाळेच्या सहलीपलीकडे कधी डोंगरात गेलेली नव्हती. तिने ती रेघ फक्त वाढता वाढता पाहिली होती.

त्या रेघेवर मध्येच एक लांबट तळं होतं, रौतायौरे. ते एल्वीचं माहेर. तिचा बाप तिथला होडीवाला.

"तिथे तीन होड्या असतात," एल्वीने एकदा सूप खाताखाता सांगितलं होतं. "दोन्ही काठांवर एक तरी होडी कायम राहिली पाहिजे. तू आलीस आणि तुझ्या काठाला एकच दिसली, तर काय करशील?"

"घेऊन जाईन पलीकडे."

"गाढव आहेस. मग तुझ्या मागून येणारा काय पोहत जाईल? एक होडी घेऊन पलीकडे जायचं, तिथली दुसरी मागे बांधायची, परत अलीकडे यायचं, ती इथे सोडायची, आणि मग पुन्हा पलीकडे जायचं. तीनदा वल्हवायचं."

"मागून कुणी येणारच नसलं तर?"

"तरी." एल्वीने पॅनकेकवर जाम पसरला. "एकदा एका शहरी माणसाने नाही ठेवली. मागून आलेला बिचारा पावसात काठावर अडकून पडला. माझा बाप त्या शहरी माणसाला मरेपर्यंत शिव्या देत होता. नाताळच्या जेवणाला बसला तरी आधी एक शिवी, मग प्रार्थना."

हिल्दुर हसली होती. पण नंतर भांडी घासताना तिने नकाशाकडे पाहिलं आणि तिच्या मनाने घेतलं की आता चालायचं. एकटीने. येत्या उन्हाळ्यात. पुढच्या उन्हाळ्याचं कुणी सांगावं!

फेब्रुवारीत तयारी सुरू झाली, आणि पहिली पंचाईत पुन्हा तीच, एका माणसाचं जेवण. पाठीवर न्यायचं म्हणजे सगळं वाळवून न्यायचं. ओव्हनच्या दाराला लाकडी चमचा अडकवून दार किलकिलं ठेवायचं आणि मंद आचेवर बटाटे, गाजरं, रेनडिअरचं मांस वाळवायचं. वाळवून वाळवून हिल्दुरने एवढा ढीग केला की त्यात पूर्वीची अख्खी शाळा डोंगर चढून उतरली असती. जमीन दिसेना. जमिनीवर कागद, कागदावर वाळवण, आणि पायवाटेवर लागणाऱ्या वस्त्यांमधल्या दुकानांकडे टपालाने धाडायची खोकी.

आणि या पसाऱ्यात गुरुवार उगवला.

लोक हसतील याची तिला फारशी फिकीर नव्हती. कोर्पिवारात हसायला आता उरलं होतं कोण? भीती एल्वीची होती. डोंगरात जन्मलेली, होडीत वाढलेली बाई दोन काठ्यांवर टेकून आत येणार, आणि आपण तिच्यासमोर तिच्याच तळ्याचा नकाशा पसरून बसलेलो! 'एल्वी, मी तुझ्या माहेरी चालले. तू काही येऊ शकत नाहीस.' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? हिल्दुरला ते जमेना. आणि जे बोलायला जमत नाही ते टाळायला माणूस काहीतरी भलतंच करून बसतो.

तिने बर्च झाडाच्या काटक्यांचा खराटा उचलला, अंगणाकडून दाराला आडवा टेकवला, आणि मागच्या दाराने आत आली.

कोर्पिवारात कुणी दाराला कुलूप घालत नाही. घरात माणूस नसलं की दाराला खराटा टेकवायचा. तो पाहून चोरही परत जातो आणि पाद्रीही. खराट्याला ओलांडून कुणी आत जात नाही, हाक मारत नाही, खिडकीतून डोकावत नाही. खराटा म्हणतो घरात कुणी नाही, म्हणजे नाही. कुणी त्याच्यावर शंका घेत नाही, कारण त्याच्या तोंडून कुणी कधी खोटं वदवलेलं नाही.

बाहेर किर्रकिर्र वाजलं. थांबलं. हिल्दुर हातात गाजर धरून पुतळ्यासारखी उभी. मग किर्रकिर्र दूर गेलं. हिल्दुरने श्वास सोडला. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी ढकलगाडी थांबली ती बराच वेळ थांबली.

आवाज गेल्यावर हिल्दुर बाहेर आली. हवा अशी गोठलेली की नाकपुड्या चिकटत होत्या. गाडीच्या दोन रेघा फाटकापर्यंत येऊन तिथेच वळल्या होत्या. एल्वी इथे उभी राहून काय बघत होती? हिल्दुर तिच्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि तिने बघितलं असेल तिकडे मान वर केली.

धुराडं! वारा नव्हता. तिच्या छपरावर धुराचा खांब उभा होता, देवळाच्या खांबासारखा सरळ, पांढराशुभ्र, अख्ख्या गावाला दिसेल असा. दाराला खराटा आणि वर धूर. सगळे बेत आखणाऱ्या हिल्दुरला चूल लपवायचं सुचलं नव्हतं. तिन्ही गुरुवार धूर असाच उभा होता.

त्यानंतर एल्वी आली नाही. खराटा काढला, तरी आली नाही. एल्वीचा काही निरोप नाही, जाब नाही. दुकानात समोर आली की हवेबद्दल बोलायची आणि काठ्या टेकत निघून जायची. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. इथे भांडणच नव्हतं, मिटवायचं काय? हिल्दुर दर गुरुवारी सूप करत राहिली, दोन वाडगे मांडत राहिली, आणि उरलेलं गोठवत राहिली. कोठीतला फ्रीझर वाटाण्याच्या सुपाने भरून गेला.

मे महिन्यात नदीवरचा बर्फ मोठा आवाज करत फुटला. हिल्दुर पाठीवरच्या पिशवीत बटाटे भरून जंगलातल्या वाटेवर चालायचा सराव करू लागली. बीर्गर दुकानदाराची होडी उसनी घेऊन नदीवर वल्हवायला शिकली. खोकी टपालात पडली. उन्हाळा आला, सूर्य मावळायचा थांबला. सगळं तयार झालं.

शेवटची काडेपेटी घ्यायला ती दुकानात गेली. बीर्गर शाळेत तिच्या हातचं जेवून मोठा झालेला. इथे लहानथोर सगळे एकमेकांना अरेतुरेच करतात.

"अख्खी वाट चालणार? एकटी?" बीर्गर म्हणाला. "हिल्दुर, अगं तुला शाळेतलं जेवणघर ओलांडताना दम लागायचा!"

"तो तुम्हा पोरांमुळे."

"बरं, मस्करी नाही. कुणाला सांगून ठेवलंयस? कुठून कुठे, कधी परत? डोंगरात पाय मुरगळला तर शोधायला कुणी निघायला हवं. घरात कुणी असलं म्हणजे बरं असतं."

घरात कुणी! एवढी खोकी, एवढं वाळवण, एवढा सराव, आणि डोंगरात जाणारा प्रत्येक माणूस जी गोष्ट सर्वांत आधी करतो तीच राहिली होती. एका माणसाला सांगायचं. फक्त एका. ते माणूसच तिच्याकडे नव्हतं. पण पोरासमोर तसं कबूल कसं करायचं?

"एल्वीला सांगितलंय," ती म्हणाली.

"मग काळजी नाही." बीर्गरने काडेपेटी पुढे केली. "पण काल येऊन गेली, काही बोलली नाही."

"ती कधी बोलते?"

दुकानाबाहेर आल्यावर तिला कळलं की आपण पुन्हा खोटं बोललो, तेही पुन्हा एल्वीवरूनच. आता हे खरं करायचं तर एकच उपाय होता. ती घरी न जाता तडक रस्ता ओलांडून एल्वीच्या अंगणात शिरली.

एल्वीच्या दाराला खराटा होता.

आणि एल्वीच्या धुराड्यातून धूर येत होता. भर जूनमध्ये! भाकऱ्या भाजल्याचा खमंग वास अंगणभर पसरलेला. आत लाटणं लाकडावर घरंगळत होतं. हिल्दुरचं पाऊल पायरीवर वाजलं आणि लाटणं थांबलं.

आता काय करायचं? खराटा ओलांडून जायचं नाही. हाक मारायची नाही. दार वाजवायचं नाही. हिल्दुरने डोक्यावरचा रुमाल काढला, घसा साफ केला, आणि रिकाम्या नाट्यगृहात उभं राहून बोलावं तशी मोठ्याने बोलू लागली.

"एल्वी घरात नाही, हे मला दिसतंय. म्हणून मी खराट्याला सांगते. ऐक रे बाबा. परवाच्या सकाळच्या बसने मी निघते. हेमावानहून चालायला लागायचं, वर तीन देशांच्या दगडापर्यंत. वाटेत रौतायौरे लागेल. तिथून पुढच्या वस्तीवर फोन आहे, निघाल्यावर तिसऱ्या बुधवारी तिथून मी फोन करीन. पहिल्यांदा तिथूनच, त्याआधी नाही. आणि ऑगस्ट संपला तरी परत आले नाही, तर बीर्गरला सांगायचं. बास. एवढंच काम आहे तुला."

आतून काहीच आवाज आला नाही. भाकरी करपल्याचा वास मात्र येऊ लागला.

"त्या गुरुवारी मी घरात होते," हिल्दुर म्हणाली. आता तिचा आवाज तेवढा चढेना. "तिन्ही गुरुवार होते. नकाशा पसरला होता. एल्वीला दाखवायचा धीर झाला नाही. तिचे गुडघे... तिची दया आली असं ती म्हणेल. तसं नाही." ती थांबली. "नाही, तसंच आहे. आली दया. आणि धूर विसरले. अशी मूर्ख बाई आहे मी."

दार उघडलं नाही, खराटा हलला नाही. हिल्दुरने रुमाल बांधला आणि ती घरी गेली.

निघायच्या सकाळी तिने आपल्या दाराला खराटा टेकवला, यावेळी खराखुरा. चूल विझली आहे ना हे तिने दोनदा बघितलं. बस एल्वीच्या घरावरून गेली तेव्हा हिल्दुरने काचेला नाक लावलं. खराटा तिथेच होता. धूरही होता.

पुढची चाल एकटीची होती. वाटेवर माणसं भेटायची, पण ती समोरून यायची आणि मान हलवून निघून जायची. डास मात्र सोबतीला राहिले. दगडांवरून, दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवरून, उरल्यासुरल्या बर्फाच्या पट्ट्यांवरून हिल्दुर हळूहळू उत्तरेकडे सरकत होती. खोक्यातलं वाळवण पाण्यात टाकलं की हमखास दोन माणसांचं व्हायचं. ती अर्धी खायची आणि उरलेलं सकाळी खायची. एका संध्याकाळी एक पक्षी फार जवळ येऊन बसला, त्याला काही म्हणावं म्हणून तिने तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. तेव्हा तिला आठवलं की आपण कित्येक दिवसांत बोललेलोच नाही. आणि मनात सारखा एकच विचार, आपण इथे आहोत हे कुणाला माहीत आहे? खराट्याला. एका खराट्याला माहीत आहे.

रौतायौरे आलं तेव्हा वारा होता. तळं राखाडी, लाटांचे पांढरे दात दिसत होते. एक पूर्ण दिवस ती काठावर तंबूत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पाणी निवलं. तिच्या काठाला होडी होती एकच.

ती पलीकडे गेली. खांदे भरून आले, तळहात सोलले. पलीकडे दोन होड्या पालथ्या पडल्या होत्या. वाट तिथूनच वर चढत होती, आणि त्या वाटेने गेलं की वस्ती, गरम वाफेने अंग शेकायची सौना, फोन. हिल्दुरने मागे वळून पाहिलं. सगळ्या काठावर माणूस नाही, धूर नाही. तिच्या मागून वाटेवर कुणीही नव्हतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि बघायला तरी कोण होतं?

ती बराच वेळ वल्हं मांडीवर घेऊन बसली.

मग उठली. एक होडी उलथून पाण्यात ढकलली, दोरीने आपल्या होडीच्या मागे बांधली, आणि आल्या वाटेने परत निघाली. मागची होडी ओढून धरायची, हट्टी वासरासारखी. अलीकडे पोहोचल्यावर ती नीट पालथी घातली, वल्ही तिच्याखाली सरकवली. मग तिसऱ्यांदा तेच पाणी. तळ्याच्या मध्यावर हात उचलेनात तेव्हा ती रडली. कुणी ऐकणार नव्हतं म्हणून मोठ्याने रडली. आणि मग पुन्हा वल्हवू लागली.

वस्तीवरच्या दुकानात भिंतीला फोन होता. हिल्दुरने चिंध्या बांधलेल्या हाताने नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. दोन काठ्यांवर फोनपर्यंत यायला वेळ लागतो, हे ती स्वतःला सांगत राहिली. मग वाटलं, नसेल घेत. ठेवावा.

"लांता." फोन उचलला की एल्वी आडनावच सांगायची.

"मी," हिल्दुर म्हणाली.

"एक दिवस उशीर झाला तुला."

हिल्दुरने भिंतीला डोकं टेकलं. "वारा होता."

"तिकडून येतो तो वारा. हाडं फोडतो." थोडा वेळ तारेत नुसती खरखर. मग एल्वीने विचारलं, "अलीकडे किती होड्या होत्या?"

"एक."

तारेतून एल्वीच्या झुलत्या खुर्चीची करकर ऐकू येत होती, ती थांबली.

"तीनदा वल्हवलं," हिल्दुर म्हणाली.

पलीकडून झटकन आत ओढलेला एक श्वास आला.

"हात सोलले असतील."

"सोलले."

"लोणी लाव." पुन्हा खरखर. "आज गुरुवार आहे. मी सूप केलं होतं." एल्वीने घसा खाकरला. "जास्त झालं."

आणि तिने फोन ठेवून दिला.

हिल्दुरने दुकानातून थोडं लोणी घेतलं आणि पायरीवर बसून तळहातांना चोळलं. समोर वाट डोंगरात शिरत होती, उत्तरेकडे, अजून फार लांब. तिच्यावर कुणी दिसत नव्हतं. हिल्दुरने बोचकं पाठीवर चढवलं आणि पट्टा आवळला.